ऐकू येऊन राहिलं का?

अनंत चतुर्दशीला माझे यजमान स्पीकर घेऊन गावाला गेले. विसर्जन झाल्यावर ते तिथेच मुक्कामाला राहिले. पहाटे भूकंप झाला. चौथ्या दिवशी माझे दीर अशोकभाऊजी ह्यांचा माईक घेऊन लातूरला आले.

माईक लाकडी पेटीत होता. पेटी फुटली होती. माईकच्या जाळीला एका अंगाने पोचा आला होता आणि आत थोडी माती गेली होती. ती मी काढली नाही. जाळी फिरवली की सुटते, हे मला माहीत होतं. तरी राहू दिली.

हे आधीच सांगून टाकते, कारण मला लिहायचं आहे ते कामाबद्दल. त्या कामाने मला इतका आनंद दिला आहे की अजूनही कुणाच्या घरी माईक लावायला निघाले, की पिशवी उचलताना परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी धडधड होते. मी आवाज भरते. घरोघर जाऊन. कॅसेटचे दिवस होते तेव्हा लोक ‘कॅसेट भरून द्या’ म्हणायचे. कॅसेट गेली, फोन आला, तरी शब्द तोच राहिला. घागर भरतात, कणगी भरतात, तसा आवाजही भरायचा.

लातुरात आमचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. ह्यांचं नाव दत्तात्रय. हात बारीक कामाचा आणि आवाज मोठा. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, वाचनालयातून पुस्तकं आणून चुलीशी वाचत बसणारी. दुकानात मी फारशी जात नसे. पण दुरुस्त झालेला प्रत्येक माईक तपासायला ह्यांना मी लागायची. दुकानातून हे बोलायचे, ‘हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. सुमे, ऐकू येऊन राहिलं का?’ आणि मी आतून ओरडायची, ‘हाव!’

आवाज टेपवर कसा उतरतो तेही बघावं लागे. त्यासाठी एक कॅसेट ठेवलेली होती. मूळची भजनांची, वरची छापील अक्षरं उडून गेलेली. तिच्यावर प्रत्येक माईकची तपासणी एकीमागे एक भरलेली होती. हॅलो, एक, दोन, तीन, सुमे, हाव. पुन्हा हॅलो. दोन्ही बाजू भरल्या तेव्हा ह्यांनी ती पाठीची कागदी पट्टी फाटलेल्या एका खोक्यात घातली आणि म्हणाले, ‘ही पुसायची न्हाई. म्हातारपणी ऐकू, कशी बोंबलत होतीस ते.’

फोटो आमचे चार-दोन होते. ह्यांचा आवाज मात्र त्या एका कॅसेटवर होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

दिवाळीच्या सुमारास बिराजदार सर आले. केमिस्ट्रीचे सर. पोरगं लातूरला शिकायला ठेवलं की डॉक्टर होतं, असं गावागावांत बोललं जाऊ लागलं होतं ते सरांसारख्या माणसांमुळे. पण भूकंपानंतर त्यांचा क्लास निम्मा रिकामा झाला होता.

‘वहिनी,’ सर दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले, ‘पोरं गावाकडं गेली. निलंगा, देवणी, जळकोट. आईबाप सिमेंटच्या छताखाली झोपू देईनात. अन् परीक्षा काय भूकंप बघून थांबत न्हाई. पोरं येत न्हाईत तर धडा जाऊ द्या त्यांच्याकडं. मला कॅसेट भरून द्या.’

‘मला येत नाही सर. ते काम ह्यांचं होतं.’

‘दत्ताभाऊ माईक तपासायचे तवा हाव कोण म्हणायचं? आख्ख्या गल्लीला ऐकू यायचं. ज्याला ऐकू येतं त्याला जमतं.’

या एका वाक्यावर माझा धंदा उभा राहिला.

पहिल्या दिवशी मी सरांच्या घरी माईक मांडला तो लग्नाच्या मांडवात मांडतात तसा. दिवाणखान्याच्या मधोमध स्टँड, सर त्याच्यापासून तीन हात लांब उभे, वर पंखा. सरांनी शंभर पोरांपुढे बोलतात तसा धडा सुरू केला. अर्धा तास झाल्यावर आम्ही ऐकायला बसलो. सरांच्या पत्नी शकुंतलाताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

‘अवो, तुम्ही हिरीत पडलाव की काय? हिरीतून शिकवून राहिलाव जणू.’

खरोखरच तसं वाटत होतं. सरांचं घर नवं होतं, भिंती गुळगुळीत, खोलीत सामान नाही. आवाज भिंतीवर आपटून परत येत होता आणि पुढच्या शब्दावर बसत होता. भर म्हणून पंखा. खोलीत बसल्यावर पंखा आपल्याला ऐकूच येत नाही, आणि टेपवर सर पंख्याच्या मागे कुठेतरी होते.

त्या दुपारी मला जे कळलं ते अजून विसरले नाही. माणसाचा कान निवड करतो. त्याला हवं ते घेतो, नको ते सोडून देतो. माईकला आवडनिवड नाही. आपण गप्प बसून माईकसारखं ऐकायला लागलो, की घर बोलायला लागतं. मी सरांच्या खोलीत डोळे मिटून बसले आणि एकेक आवाज मोजू लागले. ट्यूबलाइटची कुरकुर. घड्याळाचा काटा. खिडकीच्या गजावर कबुतराची नखं. मोरीत ठिबकणारा नळ. बाहेर भाजीवाली. शेजारी कुकर. इतकी वर्षं मी पुस्तकं वाचली होती. त्या दिवशी पहिल्यांदा खोली वाचली. घरी आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. दीड महिन्यात पहिल्यांदा मला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी पंखा बंद, ट्यूब बंद, घड्याळ स्वयंपाकघरात, नळाखाली फडकं. मग मी दार लावायला गेले आणि सर खुर्चीतून उठले.

‘दार नका लावू.’

‘सर, रस्त्याचा आवाज—’

‘वहिनी, दार न्हाई लावायचं.’

त्यांचं कपाळ घामाने भरलं होतं. मी कडीवरचा हात काढला. त्या दिवसांत लातुरात बंद दाराआड कुणीच बसत नव्हतं. माईकला दार बंद हवं होतं आणि माणसाला उघडं. माणसाचं खरं होतं.

अंगणात पत्र्याची शेड होती, सर रात्री तिथेच झोपत. तिथे बसून पाहिलं. ऊन चढलं की पत्रा तडकायचा. प्रत्येक तडकण्याला सर दचकायचे, आणि ते दचकणं टेपवर उतरायचं.

तीन दिवस मी घरी ह्यांच्या माईकशी खेळत बसले. टेबलावर तो ठेवायचा, रेडिओ लावायचा आणि रेडिओ माईकभोवती फिरवायचा. समोर रेडिओ असला की आवाज भरगच्च येई. बाजूला नेला की उतरे. मागे नेला की जवळजवळ नाहीसा होई. माईकला पाठ होती! हे ह्यांना माहीत असणारच, पण मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी रेडिओ हातात धरून एकटीच हसले.

चौथ्या दिवशी सरांच्या घरी गेले ती जवळजवळ पळत. ‘सर, दार उघडं ठेवा. सताड ठेवा. तुम्ही दाराकडे तोंड करून बसा.’ माईक त्यांच्यापुढे असा लावला, की त्याचं तोंड सरांकडे आणि पाठ दाराकडे. रस्ता माईकच्या पाठीमागे पडला. सरांना अंगण दिसत होतं, पायरी दिसत होती. उठून पळायचं तर पाच पावलं. राहिला भिंतींचा घुमारा. त्यासाठी सरांच्या मागे बाज उभी केली आणि तिच्यावर वाकळा टाकल्या. वाकळ म्हणजे जुन्या कपड्यांचे थर शिवून केलेलं अंथरूण. शकुंतलाताईंनी घरातल्या चारही आणल्या. पाचवी माझी, माझ्या साड्यांची आणि ह्यांच्या सदऱ्यांची. वाकळ आवाज परत पाठवत नाही, ठेवून घेते.

‘आता काय नवरदेव करून राहिल्या का मला?’ सर म्हणाले.

‘नवरदेवाला एवढ्या वाकळा कोण देतंय,’ शकुंतलाताई म्हणाल्या. ‘बाळंतीण म्हना.’

टेप ऐकला तर सर खोलीत नव्हतेच. ते कानाशी होते. शेजारी बसून फक्त मला शिकवावं तसे. सरांनी स्वतःचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. टेप थांबवून ते म्हणाले, ‘मी येवढं हळू बोललो तरी चालतंय?’ त्या दिवसानंतर सर ओरडून शिकवायचे थांबले. क्लासातसुद्धा.

बाहेरच्या माणसाला या कामात काय असतं ते सांगते. माईक तोंडापासून एक वीत आणि चार बोटं. त्याहून जवळ आला तर श्वास ऐकू येतो, लांब गेला तर खोली. नाकासमोर ठेवायचा नाही, ओठांच्या कोपऱ्याशी तिरपा. कारण ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना तोंडातून वारा सुटतो आणि माईकवर बार उडतो. सरांच्या पोटॅशियम परमँगनेटने आम्हाला दोन दिवस छळलं. शेवटी मी भरतकामाच्या रिंगणात ह्यांचा मलमलचा रुमाल ताणून बसवला आणि तो मध्ये धरला. बार उडायचे थांबले. पुढे दुकानात यासाठी तयार जाळ्या मिळू लागल्या. मी रिंगणच वापरते. बोलणाऱ्याला दुधाचा चहा द्यायचा नाही, घशात चिकटतो. कोमट पाणी द्यायचं. हातातल्या बांगड्या, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायच्या. कागद हातात द्यायचा नाही, तो कुरकुरतो. समोर टाचणीने लावायचा. आणि माईकमध्ये फुंकायचं नाही. आपल्याकडे माईक दिसला की माणूस आधी फू करतो, मग हॅलो. एका फुंकीत नाजूक माईकचा पडदा जातो. मी माईक लावते तेव्हा माझा एक हात माईकवर आणि डोळे माणसाच्या ओठांवर असतात.

पोरं लातूरला परत आली तरी कॅसेटा थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. लातूरची पोरं नांदेडला, नांदेडची लातूरला. फिजिक्सचे सर, बायोलॉजीच्या मॅडम, सगळ्यांना धडे भरून हवे होते. मी पिशवीत माईक, रिंगण आणि वाकळ घेऊन घरोघर फिरायची. लोक मला टेपवाल्या बाई म्हणू लागले. वाकळेवरून हसायचे आणि धडा ऐकला की पुन्हा बोलवायचे.

सगळी गिऱ्हाइकं सरच होती असं नाही. देवणीचे एक आप्पा आले होते. देवणी जातीचा वळू कसा ओळखावा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे, आणि ते ज्ञान त्यांना भरून ठेवायचं होतं. मी त्यांच्या घरी गेले, खोली तयार केली, त्यांना बसवलं. आप्पा एक अक्षर बोलेनात.

‘काय झालं आप्पा?’

‘कुणाकडं बघून बोलू? ह्या वाकळंकडं? जनावर पुढं असल्याबिगर मला सुचत न्हाई.’

शेवटी वळू ओसरीत आणून बांधला, माईकच्या पाठीमागे. आप्पा त्याच्याकडे बघत असे बोलले, की शिंगापासून खुरापर्यंत एक शब्द अडला नाही. मधेच त्यांनी ‘मान वर कर रे राजा’ म्हटलं आणि वळूने केली. ते टेपवर दिसत नाही, पण आवाजावरून कळतं. ज्याच्याशी बोलायचं तो माणसाच्या पुढ्यात हवा, हे मी आप्पांकडून शिकले. नंतर प्रत्येक सरांच्या समोर मी स्वतः बसू लागले आणि मान डोलवू लागले. केमिस्ट्री मला आजही येत नाही, पण कुठे मान डोलवायची ते येतं.

आता चुकीकडे येते.

पहिल्या वर्षी आमच्या घरी सण नव्हता. दुसऱ्या वर्षी खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. ज्याचं जे हत्यार त्याची. हे दुकानातला एकूण एक पेचकस पुसून मांडायचे. मी ठरवलं, पूजा करायची. विधवा बाईने हळदकुंकू वाहावं का, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. मी माईक पुसला, टेप पुसला, कॅसेटा खोक्यांतून काढून एकेक फडक्याने पुसली आणि पाटावर मांडली. कुंकू लावलं, झेंडू वाहिले. ह्यांची कॅसेटही होती, तिला फूल जास्तीचं. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे ठेवलं.

पण जिथल्या तिथे ते गेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी सरांच्या घरी इक्विलिब्रियमचा धडा चालू होता. सर रंगात होते. ‘उदगीर गाडी बघा,’ ते माईकला सांगत होते, म्हणजे मला. ‘स्टँडावर जितके उतरले तितकेच चढले. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गाडीत काही झालंच न्हाई. आत मात्र चालू असतं, दोन्हीकडून चालू असतं. त्याला म्हणायचं इक्विलिब्रियम.’ मी मान डोलवली. ती बाजू संपली आणि पिशवीतल्या कोऱ्या कॅसेटाही संपल्या.

‘थांबू नका,’ सर म्हणाले. ‘आत्ताच डोक्यात बसलंय. इक्विलिब्रियमचेच पुढचे धडे लगेच घेऊ.’

पिशवीच्या तळाशी पुन्हा भरायच्या जुन्या कॅसेटांपैकी एक होती. टेपमध्ये घातली तर भरायचं बटण खाली जाईना. काढून पाहिली. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक नख्या असतात; त्या मोडल्या की तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. कंपनीच्या भजनांच्या कॅसेटांना त्या नसतातच. त्या काळी आम्ही सगळे काय करायचो? भोकावर चिकटपट्टी लावायचो, की भजनावर काहीही भरता येई. मी चिकटपट्टी लावली. बटण खाली गेलं. सर म्हणाले, ‘घ्या.’

एका बाजूला एक धडा, उलटून दुसरीला दुसरा. ‘आज इथंच,’ म्हणून सरांनी दुसरा धडा जरा लवकर संपवला आणि मी बटण दाबलं. त्याच दुपारी एका ओळखीच्या माणसाबरोबर ती कॅसेट नांदेडला गेली. तिथे एक कॉपीवाले होते, एकाच्या पन्नास करून द्यायचे.

संध्याकाळी मी ते पट्टी फाटलेलं खोकं काढलं. सणासुदीला मी ती कॅसेट थोडी ऐकायची. रोज नाही, झिजेल म्हणून. लावली. भजन लागलं.

मी बाजू उलटली. तिकडेही भजन होतं.

खंडेनवमीला पुसलेल्या दोन कॅसेटा, दोन्ही मूळच्या भजनांच्या, दोन्हींची अक्षरं उडालेली. मी एकीच्या खोक्यात दुसरी घातली होती. ह्यांनी भरून झाल्यावर चिकटपट्टी काढून टाकली होती, ती मीच परत लावली होती.

सकाळी फोनच्या बूथवर जाऊन नांदेडला फोन लावला.

‘दादा, कालची कॅसेट परत पाठवा. आत्ता पाठवा.’

‘मूळची व्हय? ती पुसून ठिवली की बाई. तुम्हीच तर सांगितलेलं, कॉप्या झाल्या की पुसून ठिवा, पुढच्या टायमाला कामाला येईल म्हणून.’

‘शेवटी काही होतं का? सरांच्या नंतर, काही बोललेलं?’

‘शेवटाला कोण ऐकतंय बाई? मशिनी लावल्या अन् जेवायला गेलतो.’

मी फोन ठेवला. बूथवाल्याने विचारलं, ‘लागला का फोन?’ मी म्हटलं, ‘लागला.’

त्या गोष्टीबद्दल मी कुणाशी बोलले नाही. सरांशीही नाही, त्यांनी धडा थांबवला नाही याचा दोष स्वतःकडे घेतला असता. पूजा करायला नको होती, असं मनात यायचं. मी एवढी पुस्तकं वाचलेली बाई, पण यायचं. त्या धड्याची एकही कॉपी मी घरात ठेवली नाही. बाकी सगळ्या धड्यांच्या ठेवल्या आहेत.

काम मात्र सोडलं नाही. उलट दुप्पट केलं. कुणाच्याही घरी आवाज भरला, की नख्या स्वतः मोडायची आणि वर नाव लिहायची, ठळक. सीडी आली, ती शिकले. फोन आले, तेही शिकले. मधे कोरोनात क्लास बंद होऊन सगळे सर घरी बसले आणि घरूनच शिकवू लागले, तेव्हा माझा फोन थांबत नव्हता. ‘बाई, आवाज घुमतोय.’ मी फोनवरच विचारायची, ‘सर, घरात वाकळ आहे का?’ आता वाकळा कुणाकडे नसतात. मी सांगायची, कपड्यांचं कपाट उघडा आणि त्याच्याकडे पाठ करून बसा. एकदा फिजिक्सच्या एका तरुण सरांनी उत्साहाने फोटो पाठवला, सर कपाटाच्या आत बसलेले, डोक्यावर बायकोच्या साड्या. आवाज उत्तम आला होता.

गेल्या वर्षी माझा उजवा कान मंद झाला. माझ्या कामात कान म्हणजे शेतकऱ्याचा बैल, मी घाबरले. अशोकभाऊजींच्या मुलीने नांदेडच्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांचं नाव सांगितलं. सुरेखा नावाच्या बाई, मूळच्या जळकोटच्या. मी नंबर लावून बाहेर बसले. माझ्या आधी एक वयस्कर गृहस्थ आत गेले. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरबाई त्यांच्या मागे उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या,

‘सुमे, ऐकू येऊन राहिलं का?’

गृहस्थ गोंधळले. ‘कोण सुमी?’

डॉक्टरबाई हसल्या. ‘असंच वो काका. ऐकू आलं ना?’

पण आधी उत्तर बाहेरून गेलं होतं. मी उभी होते आणि मी ‘हाव!’ म्हटलं होतं, मोठ्याने. बाकावरची माणसं माझ्याकडे बघत होती.

माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘मावशी, बाहेरून हाव तुम्हीच म्हणालात ना? तुम्हाला कसं माहीत? हे आमच्या होस्टेलचं होतं.’

‘होस्टेलचं म्हणजे?’

‘लातूरला अकरावी-बारावीला होते. बिराजदार सरांची कॅसेट होती, इक्विलिब्रियमची. सर म्हणतात, आज इथंच. मग जरा खरखर होते आणि एक माणूस म्हणतो, सुमे, ऐकू येऊन राहिलं का? आणि लांबून एक बाई म्हणते, हाव. आम्ही लई हसायचो. मग रिवाजच पडला. धडा वाचून संपला, की एकीनं विचारायचं, सुमे, ऐकू येऊन राहिलं का? आणि सगळ्या खोल्यांतून हाव. परीक्षेला निघतानासुद्धा. आता पेशंटला म्हणते. तोंडात बसलंय.’

कॉपीवाले जेवायला गेले होते. मशिनी फीत संपेपर्यंत चालत राहिल्या होत्या. सरांच्या धड्यापलीकडे उरलेली जराशी फीत पन्नास कॅसेटांवर उतरली होती आणि पन्नास घरी गेली होती. कॉपीवाल्यांनी मला हे त्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्यातलं अर्धंच ऐकलं.

‘सुमी मी आहे,’ मी म्हटलं. ‘आणि ते माझे यजमान.’

डॉक्टरबाईंनी हातातलं यंत्र टेबलावर ठेवलं. बाहेर माणसं खोळंबली होती. त्या उठल्या आणि आधी त्यांनी दार लावलं.

कॅसेट त्यांच्या आईने जळकोटला पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. पुढच्या आठवड्यात ती माझ्या हातात आली. फितीवर पांढरी बुरशी होती. फितीला मागून दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडला होता. ती तशीच लावली असती तर टेपने खाल्ली असती. मी दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा सगळ्यात बारीक पेचकस काढला, पाच स्क्रू सोडवले आणि दोन्ही चक्र्या उचलून एका चांगल्या कॅसेटच्या पोटात बसवल्या. फीत पेन्सिलीने फिरवत, मऊ कोरड्या फडक्यातून ओढत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजासाठी केलं ते सगळं एका सकाळी कामाला आलं. मग नख्यांची भोकं पाहिली. सुरेखाच्या आईने पेटीत ठेवण्याआधी नख्या मोडल्या होत्या.

भिंतीवर वाकळ टाकली. पंखा बंद केला, घड्याळ बाहेर नेलं. डावा कान स्पीकरकडे करून बसले.

शेवटाकडे गेले नाही. सरांचा धडा पहिल्यापासून पूर्ण ऐकला, जिथे डोलवायची तिथे मान डोलवली. सर म्हणाले, ‘आज इथंच.’ कट् असा आवाज आला. खरखर. मग अर्ध्यातून, ‘...दोन, तीन. सुमे, ऐकू येऊन राहिलं का?’ भांड्यांच्या खणखणाटातून, लांबून, एका तरुण बाईचा आवाज, ‘हाव!’ मग हे म्हणाले, ‘काय वाचून राहिलीस?’ आणि फीत संपली.

हा शेवटचा प्रश्न मी विसरून गेले होते.

बिराजदार सर आता नाहीत. ह्यांचा माईक चालतो, आतल्या मातीसकट. ती कॅसेट मी पुढे कुठेही उतरवली नाही, तशीच आहे. उजव्या कानाने मला आता फारसं ऐकू येत नाही. डाव्याने येतं.